चार कॅमेरे आणि दोन डोळे

परभणीला स्टेशन रोडवर सिताराम मिस्त्रीचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन माणसं आत शिरली की तिसऱ्यानं रस्त्यावर उभं राहून बोलायचं, एवढीच जागा. पण रविवारी सकाळी टीव्ही बंद पडला की भलेभले लोक तो रिक्षात घालून त्याच्या दारात यायचे आणि ‘मिस्त्री, तेवढं नऊच्या आत बघा’ म्हणून गयावया करायचे. एरवी सितारामला पाणी कोणत्या पेल्यातून द्यायचं याचा ज्या घरात विचार व्हायचा, त्याच घराच्या बैठकीत तो मांडी ठोकून बसायचा आणि टीव्हीच्या पोटात हात घालायचा. त्याला त्याची गंमत वाटायची. रागही यायचा, पण हातातलं काम सोडून रागवायला त्याला कधी सवड मिळाली नाही.

ही गोष्ट त्र्याण्णव सालच्या दिवाळीनंतरची. एका सकाळी तात्याराव दुकानात आले. ट्रेझरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले गृहस्थ, आणि जिंतूर रोडच्या ‘मातृछाया’ सोसायटीचे चेअरमन. चार मजले, सोळा फ्लॅट, पुढं गेट आणि मागं पाण्याची टाकी. महिन्याभरात या सोसायटीतून दोन सायकली गेल्या होत्या आणि टाकीवरची मोटारही गेली होती. मोटार गेल्यावर सोळा घरांतल्या बायकांनी चार दिवस हापशावरून पाणी आणलं, आणि त्या चार दिवसांत तात्यारावांना स्वतःच्या जिन्यात ताठ मानेनं चालणं मुश्कील झालं होतं.

“मिस्त्री, माझ्या जावयाच्या बँकेत मुंबईला कॅमेरे बसवलेत,” तात्याराव म्हणाले. “एका जागी टीव्ही ठेवलाय, त्यात सगळं दिसतं. कोण आलं, कोण गेलं. आपल्या सोसायटीला तसं करायचं तर काय खर्च येईल? नीट आखणी कर, भाव काढ आणि कागदावर मांडून आण. दर्जेदार काम पाहिजे.” मग जरा पुढं वाकून म्हणाले, “कॅमेरे लागले की वॉचमनला सुट्टी द्यायचा विचार आहे. म्हातारा झालाय. महिन्याचे पाचशे वाचतील.”

असला कॅमेरा सितारामनं मासिकातल्या चित्रात तेवढा पाहिला होता. पण “जमतंय की सायेब,” असं त्यानं छातीठोकपणे सांगून टाकलं. तात्याराव रस्त्याच्या वळणावर दिसेनासे व्हायच्या आत त्यानं मनातल्या मनात दुकानाची पाटी नवीन रंगवली होती. असं काम परभणीतच काय, नांदेडातही कुणी केलं नसेल, असं त्याला वाटत होतं. एवढं एक काम झालं की पुढं बँका आणि सराफांची दुकानं आपल्याच दारात येतील, हा हिशेबही त्यानं चहा यायच्या आत करून ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो टेप आणि हत्यारांची पिशवी घेऊन मातृछायेत गेला. गेटाजवळ स्टुलावर वॉचमन बसला होता. खाकी शर्ट, खाली धोतर, खांद्यावर पंचा. त्यानं गेट उघडायला हात पुढं केला आणि सितारामचे पाय जागच्या जागी थांबले. त्या उजव्या हाताला करंगळी नव्हती. कडबा कापताना ती करंगळी गेली तेव्हा सिताराम सात-आठ वर्षांचा होता आणि जखमेवर बांधायला हळद त्याच्याच आईनं कुटून दिली होती.

माणिकराव. सितारामच्या गावचा माणिकराव.

जिंतूर तालुक्यातल्या त्या खेड्यात बौद्धांच्या वस्तीच्या अगदी समोर, मधे फक्त ओढ्याची वाट सोडून, माणिकरावचं घर होतं. चाळीस एकर नव्हे, पण आठ-दहा एकराचा खाऊनपिऊन सुखी माणूस. सितारामचा बाप लिंबाजी त्याच्या शेतात वर्षानुवर्षं राबला होता. अठ्ठ्याहत्तर साली मुंबईत विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि आठच दिवसांत गावागावांतून माणसं पेटली. वस्तीतल्या सितारामच्या घराला जमावानं आग लावली ती दिवेलागणीच्या वेळेला. लोकांच्या अंगावरचे सदरे ओळखू येतील एवढा उजेड आभाळात अजून होता. अठरा वर्षांचा सिताराम आईचा हात धरून ओढ्याकडं पळाला तेव्हा त्यानं मागं वळून पाहिलं होतं. माणिकराव आपल्या दारात उभा राहून सगळं बघत होता.

पुढं पोलीस आले, जबाब झाले. लिंबाजी चार वेळा तालुक्याला हेलपाटे घालून आला. त्याला वाटायचं, बाकी कुणी नाही तरी माणिकराव बोलेल. माणिकरावनं जबाब दिला, “अंधार हुता सायेब. मला कायबी दिसलं न्हाई.” प्रकरण तिथंच मिटलं. लिंबाजी बायको-पोराला घेऊन पूर्ण्याला मेव्हण्याकडं गेला. मेव्हणा रेल्वेत खलाशी होता. तिथं स्टेशनाबाहेर एका उस्तादांच्या टपरीत सिताराम रेडिओचं काम शिकला आणि तिथंच सहा वर्षांनी बाप गेला. शेवटपर्यंत तो आग लावणाऱ्यांबद्दल फार बोलला नाही. बोलला ते त्या एका वाक्याबद्दल. “अंधार हुता म्हणला,” असं तो जेवताना मधेच म्हणायचा आणि ताट बाजूला सारायचा.

आणि तोच माणिकराव आता पाचशे रुपयांवर लोकांच्या दारात बसून राखण करत होता. दोन लेकांनी वाटण्या केल्या होत्या आणि बापाला कुणीच आपल्या वाटणीत घेतलं नव्हतं. राहायला जिन्याखालची खोली, तीही सोसायटीची. “या मिस्तरी, चेअरमन सायबानं सांगितलंय, तुमच्या संगं फिरायचं म्हनून,” तो म्हणाला. चेहऱ्यावर ओळखीची खूण नव्हती. सितारामनं मनात म्हटलं, आमचं तोंड याच्या ध्यानात कशाला राहील?

पुढचे तीन-चार दिवस दोघं मिळून इमारत हिंडले. सिताराम टेप धरायचा, माणिकराव दुसरं टोक. सिताराम कामापुरतं बोलायचा. सोसायटीतल्या लोकांची मात्र वेगळीच तऱ्हा होती. कॅमेरा पाहिजे सगळ्यांना, पण शेजाऱ्याच्या दारावर. दुसऱ्या मजल्यावरच्या केशरबाईंनी सितारामला चहा पाजून समजावलं की समोरच्या घरात कोण कोण येतं ते कळायला पाहिजे, पण आपल्या गॅलरीकडं कॅमेऱ्याचं तोंड करायचं नाही, आम्ही तिथं न्हाल्यानंतर केस वाळवतो. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांना गच्चीतल्या वडी-पापडांवर नजर पाहिजे होती. कोण कुणाचे पापड नेतं हे त्यांना ठाऊक होतं म्हणे, फक्त पुरावा नव्हता. सितारामनं सगळ्यांचं ऐकून मान डोलावली आणि आपल्या कागदावर चारच जागा मांडल्या. गेट, सायकलींची शेड, जिन्याचं तोंड आणि मागची टाकी.

खरं तर त्या चारही जागा माणिकरावनंच सांगितल्या होत्या. “चोर गेटानं न्हाई येत मिस्तरी. मागल्या नाल्यातनं येतो, टाकीच्या भिताडावर पाय देतो. कॅमेरा तिथं बसवा,” असं तो हौसेनं दाखवायचा. आपल्याच जागेवर ही वस्तू येणार आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सितारामनंही सांगितलं नाही.

काम शिकवताना उस्तादांची एक शिस्त होती. “पैले देखना, फिर हात लगाना.” त्या शिस्तीनं सिताराम चौथ्या दिवशी स्वतः वॉचमनच्या स्टुलावर बसला. इथून माणसाला काय दिसतं हे कळल्याशिवाय कॅमेऱ्यानं काय दाखवायचं ते कसं ठरणार? शेड दिसत होती, जिना दिसत होता, आणि टाकीच्या नळावर त्यानं मघाशी अडकवलेली आपली लालभडक पिशवीही दिसत होती. त्यानं माणिकरावला स्टुलावर बसवलं आणि विचारलं, “हितनं टाकीपाशी काय काय दिसतंय?”

“टाकी दिसायलीय की.”

“आनखी?”

“आनखी काय? कायबी न्हाई.”

सितारामनं त्याच्या डोळ्यांकडं नीट पाहिलं. दोन्ही बुबुळांवर दुधाचा थर दिल्यासारखा सफेदपणा होता. मग त्याला मागच्या तीन दिवसांच्या गोष्टी एकेक करून आठवल्या. माणिकराव माणूस गेटात शिरायच्या आत नावानं हाक मारायचा, पण ती स्कूटरच्या आवाजावरून. केशरबाईंना चपलेच्या फटफट आवाजावरून ओळखायचा, मास्तरांना खोकल्यावरून. अनवाणी आलेल्या चोराला मात्र ना स्कूटर होती, ना खोकला. मोटार कशी गेली याचं उत्तर सितारामला मिळालं होतं. आणि खोटं कशाला सांगायचं, ते मिळाल्यावर त्याला बरं वाटलं. त्या माणसाची खोली, भाकर, सगळं आता आपल्या जिभेवर आहे, या विचारानं तो घरी जाताना सायकल जरा जोरातच हाणत होता.

मग तो हैद्राबादला गेला. कोठीच्या बाजारात दोन दिवस दुकानं पालथी घातली. कॅमेरा हातात घेऊन पाहिला, वायर सोलून पाहिली, भाव तोडून घेतले. आणि तिथंच त्याला कळलं की तात्यारावांनी एक गोष्ट धरलीच नव्हती. कॅमेरा बघत नाही, नुसता दाखवतो. टीव्हीसमोर कुणीतरी डोळे उघडे ठेवून बसावं लागतं. नाहीतर व्हीसीआर जोडायचा, म्हणजे तीन तासांनी कॅसेट बदलायला पुन्हा माणूस आलाच.

परत आल्यावर त्यानं आईला सगळं सांगितलं. बायनाबाई सत्तरीला टेकलेली, पण कान आणि जीभ दोन्ही शाबूत. माणिकरावचं नाव ऐकून तिनं सुपातली ज्वारी आणखी एकदा पाखडली.

“एका मानसानं व्हय म्हनलं असतं,” ती म्हणाली, “तर तुजा बाप असा झुरून गेला नसता.”

“त्याला दिसत न्हाई आता, बाय. मी नुसतं सांगितलं तरी त्याची खोली जाती.”

“मंग? तू जे बगितलंस ते सांग. खोटं बोलू नको म्हंजे झालं. त्यानं बोलल्यालं खोटं पुरं हाय आपल्याला.”

रविवारी सकाळी तात्यारावांच्या घरात बैठक भरली. सितारामनं कागद वाचला. कॅमेरे चार, प्रत्येकी आठ हजार दोनशे. पडद्याचा टीव्ही साडेचार हजार. चारही चित्रं आळीपाळीनं दाखवणारी पेटी छत्तीसशे. तीनशे मीटर वायर सत्तावीसशे. व्हीसीआर साडेतेरा हजार. लाईट गेली तर बॅटरी सहा हजार, आणि परभणीत लाईट जात नाही असं म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. मजुरी अडीच हजार. एकूण पासष्ट हजार सहाशे, म्हणजे घरटी चार हजार शंभर.

बैठकीतल्या सगळ्यांचे चहाचे कप जागच्या जागी थांबले. “यापेक्षा नवी मोटार परवडली,” मास्तर पुटपुटले.

“पण वॉचमनचा पगार वाचेल ना,” तात्याराव घाईनं म्हणाले.

“अकरा वर्सांनी फिटंल, सायेब,” सिताराम म्हणाला. “आन पडद्याम्होरं बसायला मानूस लागतोच.”

तात्याराव चिडले. आपली कल्पना सगळ्यांसमोर पडतेय हे त्यांना सोसेना. दारात माणिकराव रिकामे कप न्यायला उभा होता. त्याच्याकडं बोट करून ते म्हणाले, “मग याचा काय उपयोग, तेही सांग. तू चार दिवस त्याच्यासोबत फिरलास. याच्या नाकासमोरून मोटार जाते आणि याला पत्ता नाही. नीट दिसतं तरी का याला? खरं सांग, तू काय पाहिलंस?”

सितारामच्या ओठावर एक वाक्य आलं होतं. मला काही दिसलं नाही. एवढं म्हटलं की तो सुटला असता. कुणाची बाजू नको, कुणाचं वाईट नको, आपण बरं नि आपलं काम बरं. पण त्या वाक्याची चव त्याला पंधरा वर्षांपासून ठाऊक होती. 

“न्हाई दिसत,” तो म्हणाला. “दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू हाय. वीस फुटापल्याड त्याला मानूस कळत न्हाई.”

माणिकरावनं मान खाली घातली. “व्हय,” तो हळू आवाजात म्हणाला. मग बाहेर जायला वळला आणि दाराची चौकट धरायला हात पुढं केला. हात चौकटीच्या वीतभर अलीकडं हवेत पडला. त्यानं पुन्हा चाचपडून चौकट शोधली. करंगळी नसलेला तो हात पाहून सितारामला वाटलं होतं तसं काही बरं वाटलं नाही. उलट लाज वाटली, आणि ती कुणाची, त्याची की आपली, हेही त्याला कळेना.

“थांबा, माणिकराव,” तो म्हणाला. इतक्या दिवसांत त्यानं पहिल्यांदाच त्याला नावानं हाक मारली होती. मग खिशातलं पेन काढून अंदाजपत्रकाच्या खाली आणखी चार ओळी लिहिल्या आणि उभ्या उभ्याच वाचल्या. “माणसाचे डोळे, दोन. ऑपरेशन, सरकारी शिबिरात, फुकट. चष्मा, दीडशे रुपये. टाकीवर आणि शेडमधी दोनशे वॅटचे दोन बल्ब, भिंतीवर काटेरी तार, मजुरीसकट साडेआठशे. एकूण एक हजार. कॅमेरा नुसता दावतो, सायेब. ह्यो मानूस चोर कुठून येतो ते सांगतोय. ह्याला फक्त दिसाया पायजे.”

हजाराला सोळानं भागायला तात्यारावांना कागद लागला नाही. साडेबासष्ट रुपये. इतक्या स्वस्तात मातृछायेत आजवर कधी एकमत झालं नव्हतं. खाली उतरल्यावर सितारामनं पासष्ट हजारांचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि नवीन पाटीचा विचार डोक्यातून काढून टाकला. वाईट वाटलं त्याला. खूप वाटलं.

जानेवारीत शिबिर होतं. लेकांना निरोप धाडला होता, पण कुणी आलं नाही. केसपेपरावर जवळच्या माणसाची सही लागत होती. टेबलावरच्या बाईंनी विचारलं, “पेशंटचे कोण?” सिताराम म्हणाला, “गावचा हाय.” बाईंनी तेवढंच लिहून घेतलं. त्याच महिन्यात विद्यापीठाचा नामविस्तार झाला. बायनाबाईनं उंबऱ्यात पणत्या लावल्या आणि लिंबाजीच्या फोटोपुढं बराच वेळ बसून राहिली. माणिकराव तेव्हा डोळ्यांना हिरवी पट्टी लावून जिन्याखाली पडून होता आणि मातृछायेतल्या बायका आळीपाळीनं त्याला भाकरी देत होत्या.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात जाड भिंगाचा चष्मा आला. चौथ्या दिवशी भर दुपारी माणिकराव दुकानात आला. भिंगामुळं त्याचे डोळे केवढे तरी मोठे दिसत होते. तो सितारामकडं बघतच राहिला.

“बापावानीच दिसायलास,” तो म्हणाला. “आवाज तर पैल्याच दिशी वळखला हुता.”

सितारामनं हातातली सोल्डरची सळई स्टँडवर ठेवली. “मंग बोलला काऊन न्हाई?”

“कोनत्या तोंडानं बोलू? तू खरं बोललास त्या दिशी. माजी भाकर जात असतानी खरं बोललास, आन मंग भाकर बी राखलीस. मी तसं न्हाई केलं.” म्हातारा खाली बसला. “त्या दिशी अंधार नव्हता रे. लय उजेड हुता. तुमच्याच घराचा उजेड हुता. मला सगळे दिसले. नावानिशी सांगतो.”

पंधरा वर्षं सिताराम हे ऐकायला थांबला होता. आणि आता त्यानं हात वर केला. “मला नगा सांगू,” तो म्हणाला. त्यानं करंटचं बटण बंद केलं आणि दुपारी दोन वाजता दुकानाचं शटर खाली ओढलं.

घरी बायनाबाई दारात बसली होती. तिनं माणिकरावला ओळखलं, पदर सारखा केला आणि पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. गावात असता तर माणिकरावनं या घरचं पाणी घेतलं नसतं. त्यानं तांब्या दोन्ही हातांनी उचलला आणि सगळं पाणी प्याला. गल्लीत बायका निवडत-टिपत बसल्या होत्या, माणसं येत-जात होती. सिताराम दार लोटायला उठला.

“ऱ्हाऊ दे उघडं,” बायनाबाई म्हणाली. “सगळ्याला आइकू दे. बोला माणिकराव. सावकास बोला, पर मोठ्यानं बोला.”

माणिकरावनं चष्मा नाकावर नीट बसवला. पहिलं नाव त्यानं स्वतःच्या सख्ख्या भावाचं घेतलं.